पळायचं न्हाई

कुत्रा माणसाला चावला तर ती बातमी नव्हे, माणूस कुत्र्याला चावला तर बातमी. पत्रकारितेत हे पहिल्याच आठवड्यात कानावर घालतात. मी रात्रपाळीचा उपसंपादक. सत्तावीस वर्षं हे वाक्य मी नव्या पोरांना ऐकवत आलो. गेल्या महिन्यात माझ्याच पोटरीत चार दात रुतले, तेव्हा ते मला एकदम अन्यायाचं वाटायला लागलं. रजेसाठी फोन केला तर डेस्कवरच्या सहकाऱ्याने पहिला प्रश्न विचारला, "तुम्हा एकट्यालाच चावलं, का आणखी कुणाला?" एकट्यालाच म्हटल्यावर त्याचा आवाज पडला. पाच जणांना चावलं असतं तर तीन कॉलम कुठे गेले नव्हते.

शहर आवृत्तीचं शेवटचं पान छपाईला सोडलं की रात्रीचे दीड वाजलेले असतात. मग एमआयडीसीतून स्कूटर काढायची आणि राजारामपुरीत यायचं. कोल्हापूरकरांना सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगतो. आमच्या राजारामपुरीत गल्ल्यांना नंबर आहेत. पहिली, दुसरी, तिसरी. मी आठवीत राहतो, आणि हे वाक्य त्रेपन्नाव्या वर्षी चारचौघांत बोलताना जरा जपून बोलावं लागतं. माणसांना हे नंबर पोस्टमनपुरते लागतात. कुत्र्यांना ते सरहद्दीसारखे पाठ आहेत. पालखी जशी एका गावाने शिवेवर दुसऱ्या गावाच्या हवाली करावी, तसं मला तिसरीची टोळी चौथीच्या हवाली करते, चौथीची पाचवीच्या. शिवेवर पोचलं की मागची टोळी जागच्या जागी थांबते, दोनदा कर्तव्य म्हणून भुंकते, आणि पुढची रुजू होते. शिवाय माझ्या टायरवर वाटेतल्या यच्चयावत गल्ल्यांच्या कुत्र्यांनी दिवसभरात पाय वर करून सह्या केलेल्या असतात. परमुलखाचे इतके शिक्के घेऊन कुणी रात्री दोनला हद्दीत घुसला, तर चौकशी होणारच.

त्यातून कोल्हापूरचं कुत्रं म्हणजे शिळ्या पावावर वाढलेला जीव नव्हे. बुधवार, शुक्रवार, रविवार असे आठवड्याचे तीन वार त्याला हाडूक मिळतं आणि तेही तांबड्या रश्श्यातून निघालेलं. त्याच्या स्वभावाचं एक पंचांगच आहे. श्रावण लागला की घराघरांतलं मटण बंद, म्हणजे याचाही उपास, आणि तोही न विचारता धरायला लावलेला. भाद्रपदातल्या कुत्र्यांबद्दल मी काय बोलावं? मराठी भाषेने त्याचा वाक्प्रचारच करून ठेवला आहे. तेव्हा टोळ्या मोठ्या होतात, डोकी तापलेली असतात आणि नेमके त्याच महिन्यात आपण गल्लीच्या तोंडाशी भिंती हादरवणारे स्पीकर लावतो. कुत्रीचे दिवस साधारण दोन महिन्यांचे, म्हणजे भाद्रपदाचा हिशेब कार्तिकात चुकता होतो. दिवाळीच्या फटाक्यांनी आधीच भेदरलेली ती बाई पाचवीतल्या बंद गॅरेजच्या दाराशी सहा पिल्लं घेऊन बसलेली असते, आणि तिथून स्कूटर नेणारा प्रत्येक जण तिच्या लेखी पोरं पळवणारा असतो. चैत्र-वैशाखात उन्हाने आणि तहानेने डोकं फिरतं. कॅलेंडरात राहुकाळ छापतात, हे कुणी छापत नाही.

पहिली दहा वर्षं मी सगळे करतात तेच केलं. पिळला अ‍ॅक्सिलरेटर आणि उचलले पाय. हा प्रकार तुम्ही रात्री कधी लांबून बघितलाय का? एरवी सभ्य, चष्मा लावणारा गृहस्थ दोन्ही गुडघे छातीशी घेऊन, पंगतीत मांडी घालून बसावं तसा धावत्या स्कूटरवर बसलेला असतो आणि तोंडाने "हाड, हाड" म्हणत असतो. पाय वर घेतल्याने ब्रेक दाबायला पाय नाही, तोल सांभाळायला गुडघे नाहीत, पुढे खड्डा. कुत्रं चावण्याआधी माणूस स्वतःहून रस्त्यावर आडवा पडतो आणि कुत्र्याला दातांचा त्रासच घ्यावा लागत नाही.

वेगाने हा प्रश्न सुटणारा नाही, हे मी कागदावरही मांडून बघितलं. उसेन बोल्टने 2009 मध्ये बर्लिनला 100 मीटर 9.58 सेकंदांत कापले, म्हणजे ताशी साडेसदतीस किलोमीटर. शर्यतीचा ग्रेहाउंड ताशी 70 च्या आसपास पळतो. पाचवीतलं कुत्रं ग्रेहाउंड नाही हे कबूल, पण मीही जमैकाचा नाही.

डोळे उघडले ते दूधवाल्या तात्यांनी. पहाटे साडेतीनच्या सुमाराला पेपरचे गठ्ठे उतरतात त्या चौकातल्या टपरीवर ते चहाला थांबतात. एकदा आवृत्ती उशिरा सुटली म्हणून मीही तिथे होतो. माझी कहाणी त्यांनी बशीतला चहा संपेपर्यंत ऐकून घेतली आणि मग म्हणाले, "सायेब, पळायचं न्हाई. पळाला की त्येला वाटतंय, ह्यो कायतरी चोरून चाललाय. न्हाईतर पळंल कशाला?"

मी म्हटलं, "मग करायचं काय?"

"हुबं ऱ्हायचं. गाडी बंद करायची, आपल्या आन् त्येच्या मधी ठेवायची. त्येच्या डोळ्यात बघायचं न्हाई, पर पाठबी दावायची न्हाई. जरा तिरकं हुबं ऱ्हायचं. हात अंगाला. वरडायचं न्हाई. त्येला वाटलं पायजे, ह्येच्यात काय राम न्हाई."

कुत्र्यांवर लिहिलेल्या शहाण्या पुस्तकांतही पुढे मला हेच सापडलं, फक्त तिथे त्याला दोनशे पानं लागली होती. धावणाऱ्याचा पाठलाग हा कुत्र्याच्या रक्तातला धर्म. त्यात राग असतोच असं नाही. डोळ्याला डोळा भिडवणं म्हणजे त्याच्या भाषेत आव्हान. किंचाळणं आणि हात हवेत फिरवणं म्हणजे खेळाला किंवा मारामारीला आमंत्रण. अगदी अंगावर आलंच तर हाताऐवजी पिशवी, छत्री, जाकीट असलं काहीतरी त्याच्या तोंडात द्यावं. खाली पडलात तर पोटाशी गुडघे घेऊन कासव व्हावं आणि दोन्ही मुठींनी मान नि कान झाकावे. माझा डबा मी त्या दिवसापासून पाठीवरच्या सॅकमधून काढून हातातल्या पिशवीत ठेवायला लागलो. बायकोला वाटलं, खांदा दुखतोय.

दगडाचं म्हणाल, तर मारायची गरज सहसा पडत नाही. नुसतं खाली वाकलं तरी आपल्याकडचं कुत्रं चार पावलं मागे जातं. ही शिकवण त्यांच्यात पिढ्यान् पिढ्या उतरली आहे. दगडही आमच्या रस्त्यांवर मुबलक. कधीकधी वाटतं, हे रस्ते खरंच गुळगुळीत झाले तर सर्वसामान्य नागरिकाने आत्मसंरक्षण कशाने करायचं? माझी अडचण निराळी. कमरेत भरल्यापासून मला वाकायला वेळ लागतो. अर्ध्यात पोचेपर्यंत कुत्र्याला उद्देश कळलेला असतो, आणि पूर्ण वाकल्यावर वर येणं माझ्या हातात नसतं. चिरंजीवांनी मग माणसाला ऐकू न येणारा आवाज काढणारं एक यंत्र ऑनलाइन मागवलं. कुत्री म्हणे त्याने पळतात. चौथीतल्या काळ्यासमोर मी बटण दाबलं. त्याने मान एका बाजूला कलती केली, मग दुसऱ्या बाजूला, आणि मैफलीला आल्यासारखा पुढचे पाय पसरून बसला.

तात्यांची विद्या कसोटीला लागली ती कार्तिकातल्या एका रात्री. पाचवीतलं बंद गॅरेज. त्या बाईची गुरगुर आधी ऐकू आली, मग पिवळे डोळे दिसले. मी गाडी बंद केली, उतरलो, स्टँड लावला आणि गाडीच्या अलीकडे तिरका उभा राहिलो. ती तीन हातांवर. ओठ वर गेलेले, कान मागे चिकटलेले, शेपूट ताठ. एक गोष्ट तेव्हा समजली. भुंकणारं कुत्रं चावत नाही म्हणतात ते शंभर टक्के खरं नाही, पण जे भुंकत नाही आणि नुसतं बघतं, त्याच्याबद्दल म्हणीने काहीच सांगून ठेवलेलं नाही. मी समोरच्या भिंतीवरची कोचिंग क्लासची जाहिरात वाचायला लागलो. शंभर टक्के निकालाची हमी. 'निश्चित'मधल्या 'नि'ला दीर्घ वेलांटी होती. इतक्यात खिशातला फोन वाजायला लागला. पान सातवरच्या फोटोओळीची शंका असणार. ऑफिसला शंका याच वेळी येतात. घ्यावा तर हात हलतो, न घ्यावा तर आवाज. बायकोने रिंगटोन दत्ताच्या आरतीची लावून दिलेली. ती पाचवी गल्लीभर घुमायला लागली. बाई थबकली. कान जरा पुढे आले. आरती संपली, पुन्हा सुरू झाली, पुन्हा संपली. मी हमीची जाहिरात पाचव्यांदा वाचत होतो. शेवटी तिने एक मोठा सुस्कारा सोडला (मी ऐकला), वळली आणि पिल्लांत जाऊन पडली. मी स्कूटर चालू न करता ढकलत सहावीपर्यंत नेली.

घरी हे सांगितल्यावर बायको म्हणाली, "अहो, दत्तगुरूंच्या पायाशी चार कुत्री असतात. ती काय उगीच?" आम्ही नरसोबाच्या वाडीला पौर्णिमेला जाणारी माणसं, चार कुत्री म्हणजे चार वेद हे मला लहानपणापासून ठाऊक. आठवीतही चारच आहेत. त्यातला चौथा अथर्व असावा, मंत्रापेक्षा मारण-उच्चाटनातच त्याला जास्त गती आहे. पण मला राहून राहून आठवतात ते नामदेव महाराज. कुत्र्याने भाकरी पळवली तर कोरडी खाऊ नकोस म्हणून तुपाची वाटी घेऊन ते त्याच्यामागे धावले, अशी कथा आहे. एवढ्या मोठ्या संतपरंपरेत कुत्रं पुढे आणि माणूस मागे हा देखावा तेवढाच. आम्ही बाकीचे सगळे पुढे.

पाचवीच्या त्या रात्रीनंतर मला या विद्येचं मर्म कळलं. कुत्र्यापासून वाचायचं म्हणजे कुत्र्याच्या लेखी बिनमहत्त्वाचं व्हायचं. आणि ते मला जमतं! सत्तावीस वर्षं ज्याने दुसऱ्यांच्या बातम्यांना मथळे दिले, ज्याचं नाव पेपरात कुठेच छापून येत नाही, ज्याला सोसायटीच्या मीटिंगमध्ये "आपण कोण?" असं अजून विचारतात, त्याला बिनमहत्त्वाचं दिसायला वेगळा अभ्यास लागत नाही. दोन महिन्यांत तिसरी ते सातवी मी निर्वेध पार करायला लागलो. टोळ्या मान वर करून बघायच्या आणि 'हा होय' म्हणून पुन्हा झोपायच्या. थोडा अपमान वाटायचा, पण पोटऱ्या शाबूत होत्या.

चावला तो आठवीतला. त्याचं नाव पैलवान. अंगावर बरगड्या मोजून घ्याव्यात. नाव कुणी ठेवलं ते गल्लीच जाणे. डाव्या कानाला खाच आहे, म्हणजे नसबंदी आणि लस होऊन परत सोडलेला. सात वर्षांत माझ्यावर एकदाही भुंकलेला नाही. त्या रात्री गल्लीची लाइट गेली होती. मी गाडी लावली आणि सवयीने सातवीच्या कोपऱ्याकडे नजर ठेवून, तात्यांच्या शास्त्राप्रमाणे तिरका, एकेक पाऊल मागे टाकत घराकडे सरकू लागलो. शत्रू समोरून येतो अशी या शास्त्राची समजूत आहे. पैलवान माझ्या मागे झोपला होता. माझा बूट त्याच्या शेपटीवर पडला. त्याने जे केलं ते शेपूट असलेल्या कुणीही केलं असतं. चावल्यावर त्याने वर बघितलं, मला ओळखलं, आणि तो इतका ओशाळला की मलाच 'असू दे' म्हणावंसं वाटलं.

"गुरुवारी?" बायको ओरडली. "दत्ताच्या वारी?" रात्रीचे दोन म्हणजे तारखेने गुरुवार लागला होता, हे खरं. मग कपड्याचा साबण आणि वाहता नळ. पंधरा मिनिटं. घड्याळ तिच्या हातात, पाय माझा. हे धुणं सर्वांत महत्त्वाचं, असं डॉक्टर नंतर म्हणाले. रेबीजचा विषाणू साबणाला बधतो. दरम्यान शेजारी उठले. एकाने चुना आणला, एकीने तिखट, समोरचे आजोबा त्यांच्या चंचीतली तंबाखू द्यायला तयार झाले. यातलं काहीही जखमेवर लावायचं नसतं. पायावर तांबडा रस्सा करण्याची वेळ मी निकराने टाळली. "आता पोटात चौदा," आजोबा समाधानाने म्हणाले. पोटातली ती चौदा इंजेक्शनं आपल्याकडे बंद होऊन वीस वर्षं झाली, पण त्यांची दहशत अजून नोकरीत आहे. पाश्चरने 1885 च्या जुलैत जोसेफ मायस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाला पहिली लस टोचली, त्यालाही तेरा टोचावी लागली होती. मला दंडात चार भेटींची. शून्य, तीन, सात आणि अठ्ठावीस.

सरकारी दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरांनी जखम बघून कागदावर 'कॅटेगरी 3' लिहिलं. आमच्या घराण्यात क्लास वन कुणी झालं नाही, तिसरी कॅटेगरी तेवढी मी मिळवली. रक्त आलं की कॅटेगरी तीन, आणि मग दंडातल्या लसीबरोबर जखमेच्या आतच आणखी एक औषध टोचतात. ते टोचताना मला पैलवानाची बाजू नीट समजली. शेपटीवरून बूट गेल्यावर असंच काहीतरी होत असणार.

"कुत्रं ओळखीचं आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"सात वर्षांचं."

"मग लस तर घ्याच, पण दहा दिवस त्याच्यावर लक्ष ठेवा. जिवंत आणि ठीक आहे ना, रोज बघायचं."

ज्या जनावरापासून लांब राहण्यात हयात घालवली, त्याच्या प्रकृतीची चौकशी करायला मी दुसऱ्याच दिवसापासून रोज दोनदा खाली उतरू लागलो. गल्लीत तोवर दोन तट पडले होते. एका तटाचं म्हणणं, उचलून न्यायला लावा. दुसऱ्या तटाच्या पुढारी रोज भात घालणाऱ्या काकू. ग्रुपवर चांगलीच जुंपली. कुत्र्यांवरून भांडणं ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. 1832 च्या जूनमध्ये मुंबईत कुत्रं मारलं की आठ आणे मिळायचे, तेव्हा शिपायांनी लोकांच्या दारातली कुत्रीही धरायला सुरुवात केली. पारशी मंडळी चिडून रस्त्यावर उतरली आणि दंगा झाला. गेल्या वर्षी, 2025 च्या ऑगस्टमध्ये, सर्वोच्च न्यायालयाने 11 तारखेला दिल्लीतली सगळी भटकी कुत्री निवाऱ्यात हलवायला सांगितलं आणि 22 तारखेला त्यात बदल केला. नसबंदी आणि लस करून परत सोडा, पिसाळलेली आणि आक्रमक तेवढी वगळा, खायला ठरलेल्या जागीच घाला. दोन्ही मथळे मीच दिले होते. आक्रमक कुणाला म्हणायचं, याचा विचार पहिल्यांदा मनात आला तो पैलवानासमोर उभा असताना. आमच्या दोघांत कुणी कुणावर आक्रमण केलं होतं?

ग्रुपवर मी एवढंच लिहिलं, "दहा दिवस त्याला कुणी हात लावायचा नाही." काकूंनी नमस्काराची चित्रं पाठवली. त्यांना वाटलं, मी त्यांच्या बाजूचा.

तिसऱ्या दिवशी, रविवारी, दुसरी लस घेऊन आलो तर पैलवान जागेवर नाही. पोटात गोळा आला. सातवी बघितली, सहावी बघितली. लंगडत लंगडत भर दुपारी लोकांना विचारत सुटलो, "आमचं कुत्रं बघितलं का? कानाला खाच आहे." शेवटी पाचवीच्या कोपऱ्यावर, मटणाच्या दुकानासमोर ओळ लावून बसलेल्यांत तो तिसरा सापडला. मला इतका आनंद झाला की मी पावशेर मटण घेतलं. सहाव्या दिवशी त्याने माझा बिस्किटाचा पुडा हुंगून बाजूला केला. खाणं सोडलं! लाळ गळतेय का म्हणून मी वाकलो, म्हणजे अर्धाच वाकलो. गॅलरीतून बायको ओरडली, "अहो, आज बुधवार आहे. जेवून आला असेल." दहाव्या रात्री दोन वाजता मी गाडी लावली, टॉर्चने आधी मागे बघितलं, मग पुढे. पैलवान पायरीवर बसला होता. शेपूट त्याने अंगाखाली घेतली होती.

डॉक्टर म्हणाले, कुत्रं ठीक आहे, छानच, तरी लसींचा हिशेब अर्धा ठेवायचा नाही. येत्या गुरुवारी अठ्ठाविसावा दिवस, चौथं इंजेक्शन. खिडकी सकाळी नऊला उघडते आणि रांग आठपासून असते. ज्या कुणाची तारीख तीच असेल, त्याने आधीचा केसपेपर आठवणीने आणावा.